जुनी बुलेट आणि गोव्याची हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० सीसी बुलेटबद्दल गोव्यातून, तळकोकणातून आणि बेळगाव-कारवार भागातून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी रोजच्या गोष्टी आहेत, अडचणीचे मामले पुढे. एकच उत्तर दोनदा लिहिण्याऐवजी त्या-त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझी गाडी यात बसते का, हे कसं ओळखायचं?

गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, चार गिअर, टाकीच्या पुढे अँपिअर मीटर, हँडलवर डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडून किक हलकी करणारा) छोटा लिव्हर, आणि पॉईंट-कंडेन्सरचं, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांनी स्पार्क पाडणारं जुनं इग्निशन. हे सगळं जुळत असेल तर खालचं जवळपास सगळं तुमच्या गाडीला लागू आहे. इंजिन ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचं, म्हणजे ३४६ सीसी. गिअरबॉक्स वेगळा आणि मागून बोल्टने जोडलेला. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची गाडी असेल तर प्रश्न ६ सोडून द्या. नंतर आलेल्या युनिट इंजिनात गिअरबॉक्स आणि इंजिन एकाच खोक्यात असतात. ऑईल, टॅपेट, क्लच सगळंच वेगळं असल्याने त्या गाड्यांसाठी ही माहिती वापरू नका.

२. किती किलोमीटरला सर्व्हिसिंग करायचं?

किलोमीटरचा हिशेब घाटावरच्या लोकांसाठी ठीक आहे. गोव्यात बऱ्याच जुन्या बुलेट रविवारी फोंड्याला नाहीतर काणकोणला जाऊन येतात आणि आठवडाभर उभ्या असतात. वर्षाला दोन हजार किलोमीटरही होत नाहीत, तरी केबल गंजते, पॉईंट काळे पडतात, चेन लाल होते. म्हणून इथे कॅलेंडर धरा. वर्षातून दोन मोठी सर्व्हिसिंग, एक मे महिन्यात आणि एक पाऊस ओसरल्यावर, चवथ (गणेश चतुर्थी) आणि दसरा यांच्यामध्ये.

मे महिन्यातलं काम पाणी आत जाऊ नये यासाठी असतं: प्लगची कॅप, पॉईंटच्या झाकणाचं पॅकिंग, वायरिंगचे जोड, एअर फिल्टर, ब्रेक लायनर, टायर. पावसानंतरचं काम आत गेलेलं पाणी बाहेर काढण्यासाठी: इंजिन ऑईल, गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग, स्टिअरिंगचे छर्रे, क्लच आणि ॲक्सिलेटरची वायर. गाडी जास्त चालत असेल तर दर ३,००० किलोमीटरला ऑईल बदला. दोन्हींपैकी जे आधी येईल ते.

३. ऑईल कुठलं आणि किती घालायचं?

इंजिनाला २० डब्ल्यू ५० दर्जाचं साधं मिनरल ऑईल पुरतं. महागडं सिंथेटिक घालून या इंजिनाला फायदा नाही. सैल झालेल्या जुन्या सीलमधून ते उलट लवकर झिरपतं. ऑईल बदलताना साधारण दोन लिटर लागतं. इंजिन गरम असताना खालचे ड्रेन बोल्ट उघडा. ते एकाहून जास्त आहेत, आणि एकच उघडला तर जुनं ऑईल क्रँककेसमध्ये राहतं. फिल्टर दर दुसऱ्या वेळी बदला. बोल्ट परत लावताना तांब्याचा वॉशर नवा घ्या किंवा जुना तापवून मऊ करून घ्या.

पातळी बघण्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. हे ड्राय संप इंजिन आहे, म्हणजे ऑईल क्रँकखालच्या भागात (क्रँककेसमध्ये) नाही, वेगळ्या कप्प्यात साठतं. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑईल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि सकाळी डिपस्टिक कोरडी दिसते. ती बघून लोक वर अर्धा लिटर ओततात आणि मग धुराची तक्रार करतात. गाडी चार-पाच मिनिटं चालवा, बंद करा, एक-दोन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघा.

ऑईल बदलल्यावर ते वर पोचतंय की नाही हे बघायचं असेल तर इंजिन आयडलिंगला ठेवून हेडकडे जाणाऱ्या ऑईल पाईपचा बॅन्जो बोल्ट अर्धा आटा सैल करा. तिथून ऑईल झिरपलं पाहिजे. नाही झिरपलं तर लगेच इंजिन बंद करा.

प्रायमरी चेनच्या (इंजिनाकडून क्लचला जाणाऱ्या) झाकणात लेव्हल स्क्रूपर्यंतच ऑईल भरा, गाडी सरळ उभी करून. तिथे गिअर ऑईल घालू नका, क्लच प्लेट चिकटतात आणि सकाळी पहिला गिअर टाकला की गाडी झटका देते. घसरपट्टी कमी करणारे मिश्रण असलेलं कारचं ऑईलही नको, त्याने क्लच घसरतो. गिअरबॉक्समध्ये अनेक गॅरेजवाले नुसतं चेसिस ग्रीस कोंबतात. घट्ट ग्रीस गिअरांनी कडेला फेकलं जातं आणि दाते कोरडे चालतात. मूळ पद्धत पातळ ग्रीसची आहे. सील चांगले असतील तर ९० नंबरचं जीएल-४ गिअर ऑईल लेव्हलपर्यंत चालतं. जीएल-५ टाळा, ते आतल्या ब्राँझच्या बुशांना मानवत नाही.

४. किक मारून मारून पाय दुखतो, तरी गाडी सुरू होत नाही. पद्धत चुकते का?

बहुतेक वेळा हो. या गाडीला ताकद लागत नाही, पिस्टन योग्य जागी आणावा लागतो. पेट्रोल चालू करा, गाडी थंड असेल तर चोक लावा, चावी फिरवा. हळू किक दाबत जा. पाय अडेल तिथे थांबा आणि अँपिअर मीटरकडे बघा. पॉईंट जोडलेले असताना काटा डिस्चार्जकडे जातो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशन दाबून किक थोडीशीच पुढे ढकला, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण किक मारा. ॲक्सिलेटर उघडू नका.

गरम इंजिनाला चोक नको. चारपाच किकांनंतरही सुरू झाली नाही तर ती बहुतेक पेट्रोलने भरून गेलेली असते. चावी बंद, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा, डिकॉम्प्रेशन दाबून आठ-दहा किक मारा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

किक उलटी मारत असेल, तर ती सवयीने सुटणार नाही. टायमिंग पुढे आहे, म्हणजे स्पार्क लवकर पडतो, किंवा ॲडव्हान्सची (वेग वाढला की स्पार्क आधी पाडणारी) वजनं अडकली आहेत. प्रश्न ६ बघा, तोवर चपला घालून किक मारू नका.

५. पावसात चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. कशामुळे?

आपोआप सुरू होणं हीच खूण. वीज पाण्यातून फ्रेमला जाते आणि इंजिनाच्या उष्णतेने पाणी सुकलं की स्पार्क परत येतो. या क्रमाने शोधा.

प्लगची कॅप आणि जाडी वायर: अंधारात गाडी सुरू करून पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या उड्या मारताना दिसल्या की वायरला भेग आहे. चिकटपट्टी लावून पाऊस काढता येत नाही, वायर आणि कॅप बदला. कॅपच्या आत सिलिकॉन ग्रीस थोडं लावा.

पॉईंटचं झाकण: पॅकिंग चेपलेलं असतं. नवं पॅकिंग लावा, वायर आत जाते तिथलं रबर तपासा. झाकण सिलिकॉनने सीलबंद करू नका, आत वाफ साठते आणि पॉईंट हिरवे पडतात.

टाकीचं झाकण आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी): झाकणाची वाफ जाण्याची भोकं बुजली की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडल्यावर आत हवा शिरल्याचा आवाज आला तर हेच कारण. फ्लोट चेंबरच्या तळाशी पाण्याचे गोळे दिसले तर प्रश्न ८ आणि ९ वाचा.

कंडेन्सर मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. तो गरम झाल्यावर बिघडतो, ओला झाल्यावर नाही. उन्हातही असंच होत असेल आणि पॉईंटमध्ये पिवळट, मोठी ठिणगी दिसत असेल तर आधी कंडेन्सर बदला.

६. पॉईंटचा गॅप किती आणि टायमिंग घरी लावता येतं का?

गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. आधी पॉईंट बारीक कानसपट्टीने सपाट करा. एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा तयार झालेला असेल तर फिलर गेज खोटं माप देतं. खड्डा फार खोल असेल तर पॉईंटच बदला. कॅमवर आणि फेल्टवर ग्रीसचा एक ठिपका पुरे. जास्त लावलं तर ते उडून पॉईंटवर बसतं.

टायमिंग गॅप लावल्यानंतरच, आधी कधीच नाही, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं. प्लग काढा. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांड्या) सैल आहेत आणि पिस्टन सगळ्यात वर आहे अशी स्थिती आणा. प्लगच्या भोकातून एक सळई उभी धरा, पातळीची खूण करा. इंजिन थोडं मागे फिरवून परत पुढे आणा, म्हणजे दात्यांमधला सैलपणा निघून जातो. पिस्टन वरून ०.८ मिमी खाली असताना पॉईंट नुकतेच उघडले पाहिजेत. उघडले की नाही हे पातळ कागद किंवा अँपिअर मीटरचा काटा सांगतो. प्लगचं भोक तिरकं असल्याने सळई प्रत्येक वेळी त्याच कोनात धरा, नाहीतर माप फसतं. पॉईंटची प्लेट फिरवून जुळवा आणि घट्ट करा, घट्ट करताना ती सरकत नाही ना ते पुन्हा बघा.

टायमिंग पुढे असेल तर किक उलटी बसते आणि घाटात टकटक येते. मागे असेल तर गाडी सुस्त होते, सायलेन्सरचा पाईप निळा पडतो आणि इंजिन नको तितकं तापतं. सगळं बरोबर असूनही आयडलिंग वरखाली होत असेल तर ॲडव्हान्सच्या दोन वजनांच्या स्प्रिंगा आणि पिना बघा. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत त्या गंजून अडकतात, आणि पॉईंट बदलून काहीच फरक पडत नाही.

७. टॅपेटचा आवाज येतो. किती गॅप ठेवायचा?

या इंजिनात मिमीचा गॅप मोजत नाहीत. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर. झाकण काढा, पुशरॉड दोन बोटांनी फिरवा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा किंचित जास्त मोकळा ठेवला तर चालतो. लॉकनट घट्ट करताना माप बदलतं, म्हणून घट्ट केल्यावर परत फिरवून बघा. तीन-चार वेळा करावं लागतं आणि ते सगळ्यांनाच करावं लागतं.

थोडा आवाज असू द्या. अगदी गप्प टॅपेट ही धोक्याची खूण आहे. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. ‘थंडी असताना छान, चोर्ल्याचा घाट चढून वर गेल्यावर बंद पडते’ अशी तक्रार असेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी टॅपेट बघा.

८. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुन्या बुलेटचं नुकसान होतं का?

दोन वेगळे परिणाम आहेत आणि ते वेगळेच बघायला हवेत. पहिला, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) गाडी थोडी कोरडी चालते. चालवून आल्यावर प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी रंग असेल तर काही करू नका. पांढरट असेल आणि चढावर इंजिन तापत असेल तर कार्ब्युरेटरमधल्या निडलची (सुईची) क्लिप एक खाच खाली करा, त्याने भागलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठा घ्या.

दुसरा परिणाम रबराचा आणि पाण्याचा. जुने पेट्रोल पाईप फुगून मऊ होतात, नळाचं वॉशर सुजतं. पाईप वर्षातून एकदा बदला, इथेनॉल सोसणारे घ्या. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. नळ तळाशीच असतो, त्यामुळे पहिला घोट तोच जातो. जुलै-ऑगस्टच्या हवेत महिनाभर उभी राहिलेली गाडी सुरू न होण्याचं हे नेहमीचं कारण. कमी कॉम्प्रेशनच्या या इंजिनाला जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घालण्यात मात्र काही अर्थ नाही.

९. टाकी आतून गंजली आहे. बदलावी की साफ करावी?

पत्रा कुठे झिरपत नसेल तर साफ करा. नळ काढून भोक बंद करा. टाकीत सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी मूठभर नट टाकून हलवा. नट मोजून टाका आणि मोजूनच काढा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवा, स्वच्छ पाणी, मग लगेच हेअर ड्रायरने आतून पूर्ण सुकवा. इथे उशीर केला तर तासाभरात पत्र्यावर नारिंगी थर परत येतो. सुकताक्षणी पाव लिटर इंजिन ऑईल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवून काढून टाका. पाईपमध्ये छोटा फिल्टर लावा.

आतून लेप देण्याची पद्धत आहे, पण अर्धवट साफ केलेल्या पत्र्यावर लेप दिला तर तो पापुद्र्यांनी सुटतो आणि नळ बुजवतो. लेप देणाऱ्याने टाकी सुकवायला वेळ घेतला नाही तर पैसे वाया गेले समजा.

१०. घर समुद्राजवळ आहे. गाडी कशी जपायची?

कांदोळी, कोळवा, हरमल इथल्या गाड्यांत सगळ्यात आधी वायरिंगचे जोड जातात, क्रोम नंतर. दर सहा महिन्यांनी हेडलाईटच्या आतले जोड उघडून पितळेचे टोक घासा आणि व्हॅसलीन लावा. बॅटरीची अर्थ वायर फ्रेमला जिथे बसते तिथला रंग खरवडून, धातूला धातू लागू द्या.

दिवाडीच्या किंवा चोडणच्या फेरीबोटीतून रोज ये-जा असेल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, बादली आणि कापडाने. प्रेशर वॉशरने चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये पाणी शिरतं, जे नुसत्या पावसाने शिरलं नसतं. स्पोक आणि रिमवर ऑईलचं फडकं फिरवा. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये लोखंडी बोल्ट जिथे जातो तिथे कॉपर ग्रीस लावून बसवा, नाहीतर पुढच्या वेळी तो बोल्ट निघणार नाही, आटेच निघतील.

प्लास्टिकचं कव्हर टाकू नका. खालून ओलावा वर येतो आणि आतच फिरतो. सुती चादर बरी. माडाखाली तर लावूच नका, त्याचं कारण सांगायला नको.

डिचोली-सांगे भागातल्या लाल धुळीचा मामला वेगळा आहे. तिथे मीठ नाही, पण एअर फिल्टर आणि चेन यांचं आयुष्य अर्धं होतं. खनिजाचे ट्रक चालू असलेल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनी फिल्टर महिन्याला झटका.

११. चेन किती सैल ठेवायची आणि किती वेळा ऑईल करायची?

मागची चेन मध्यभागी वर-खाली मिळून २५ ते ३० मिमी हलली पाहिजे, गाडीवर माणूस बसलेला असताना. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात घट्ट जागेवरचं माप धरा. पावसात दर ३००-४०० किलोमीटरला ऑईल, उन्हाळ्यात दुप्पट अंतरानेही चालेल. लिंकची क्लिप बंद तोंडाने चेन धावते त्या दिशेला बसवा. स्प्रॉकेटचे दाते वाकडे झाले असतील तर नुसती चेन बदलू नका, नवी चेन दोन महिन्यांत जुनी होईल.

प्रायमरी चेनला घट्ट जागी सुमारे ६ मिमी सैलपणा हवा. ती बघायला डावं फुटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढावं लागतं, म्हणून हे काम क्लच प्लेटसोबत उरकून घ्या.

१२. घाट उतरताना ब्रेक लागत नाहीत. डिस्क बसवू का?

आधी आहेत ते ड्रम नीट करा. पुढच्या ब्रेकची केबल आणि ड्रमवरचा आर्म, ब्रेक दाबलेला असताना, जवळजवळ काटकोनात असले पाहिजेत. लायनर झिजला की लोक ॲडजस्टर फिरवत जातात, आर्म पुढे झुकतो आणि हाताचा जोर वाया जातो. अशा वेळी आर्म कॅमच्या दात्यांवर एक घर मागे बसवा, किंवा लायनर बदला. लायनर आरशासारखा चकचकीत झाला असेल तर पॉलिश पेपरने हलकं घासा. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो, म्हणून धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

अनमोडला किंवा चोर्ल्याला उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत धरलेला ड्रम तापून सुटतो, थोडा धरून सोडलेला सुटत नाही. पाण्यातून गाडी काढली की दोन-तीनदा हलका ब्रेक धरून ड्रम सुकवा. मागच्या लायनरवर ग्रीस आलं असेल तर बेअरिंगचं सील गेलं आहे. लायनर पेट्रोलने धुऊन काही उपयोग नाही, सील बदला आणि लायनरही.

डिस्क बसवण्याबद्दल: फोर्क, हब आणि मास्टर सिलिंडर एका संचातले असतील तरच. जुन्या फोर्कवर वेल्डिंग करून कॅलिपर लटकवलेल्या गाड्या दिसतात. त्या चालवू नका.

१३. बुलेट म्हटली की ऑईल गळणारच, हे खरं का?

नाही. थोडा ओलसरपणा वेगळा आणि गाडीखाली डाग वेगळा. आधी ब्रीदरच्या (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) टोकाचं रबर बघा. ते चोचीसारखं असतं, हवा बाहेर सोडतं आणि आत येऊ देत नाही. कडक झालं किंवा बुजलं की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑईल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडतं. गॅरेजवाले एकेक पॅकिंग बदलत बसतात आणि गळती जागा बदलत राहते. हे रबर स्वस्त आहे, दरवर्षी बदला.

प्रायमरीचं झाकण एकाच मधल्या नटाने बसतं. गळतं म्हणून तो नट आवळला की झाकण मध्ये दबतं, कडा वर येतात आणि जास्त गळतं. झाकण सपाट काचेवर ठेवून बघा, वाकलं असेल तर सरळ करून घ्या आणि नवं रबर लावा.

सीलंट लावायचा तर अगदी पातळ थर, फक्त एका बाजूला. आत ओघळलेला सिलिकॉन सुटून ऑईलच्या वाटा बुजवतो. त्यापेक्षा थोडी गळती परवडली. आणि टायमिंगच्या बाजूचं झाकण उघडून पंपाला हात लावणार असाल तर लक्षात ठेवा, क्रँकच्या टोकावरचा वर्म उलट्या आट्याचा आहे. सवयीने फिरवलात तर तुटतो.

१४. धूर येतो. बोअर करायची वेळ आली का?

धुराची वेळ बघा. फक्त सुरू करताना येतो आणि दोन मिनिटांत जातो, तर ते क्रँककेसमध्ये उतरलेलं ऑईल आहे (प्रश्न ३), काळजी नको. उतारावर ॲक्सिलेटर सोडून परत दिल्यावर निळा धूर, तर व्हॉल्व्ह गाईड. सतत निळा, प्लग ओला-काळा आणि ब्रीदरमधूनही धूर, तर रिंग आणि बोअर. काळा आणि कोरडा धूर ऑईलचा नसतो, चोक अडकलेला आहे किंवा फ्लोट भरून वाहतोय.

बोअर करायचाच असेल तर पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याला त्या पिस्टनच्या मापाने बोअर करायला सांगा. काम झाल्यावर बॅरल साबण आणि गरम पाण्याने घासा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. पेट्रोलने होनिंगची भुकटी निघत नाही. मग लगेच ऑईल लावा. पहिले ८०० किलोमीटर ताशी ५०-५५ च्या वर नको, एकाच वेगाने लांब नको, आणि ऑईल ३०० किलोमीटरला एकदा बदला.

१५. हेडलाईट मंद आहे. एलईडी लावू?

आधी व्होल्टमीटर लावा. १२ व्होल्टची उभी बॅटरी १२.६ च्या आसपास हवी, इंजिन मध्यम वेगाला असताना १३.८ ते १४.४. चार्जिंग ठीक असेल आणि दिवा मंद असेल तर स्विच आणि अर्थमध्ये वीज जाते, त्यावर रिले हा उपाय. चार्जिंगच कमी असेल तर प्रायमरीच्या झाकणात रोटर-स्टेटरमधलं (वीज तयार करणाऱ्या फिरत्या आणि स्थिर भागांमधलं) अंतर सगळीकडून सारखं आहे का बघा, सुमारे ०.२ मिमी. एका बाजूला घासल्याची खूण दिसली तर क्रँकचं बेअरिंग तपासा. एलईडी चालते, पण ती चार्जिंगचा दोष झाकते, बरा करत नाही. ६ व्होल्टच्या गाडीला एलईडी लावण्यापेक्षा आधी स्टेटर, रोटर, रेग्युलेटर, कॉईल, हॉर्न आणि बल्ब असा पूर्ण १२ व्होल्टचा संच घ्या. अर्धा संच कुणी विकत असेल तर घेऊ नका.

१६. हंपी किंवा कोल्हापूरला जायचं आहे. सोबत काय न्यायचं?

क्लच वायर आणि ॲक्सिलेटर वायर (जुन्यांच्या शेजारी आधीच बांधून ठेवा, तुटली की टोकं बदलायची एवढंच), पॉईंट आणि कंडेन्सरचा एक तपासलेला जोड, प्लग, फ्यूज, चेन लिंक, ट्यूब, अर्धा लिटर ऑईल, बारीक तार, टॅपेटचे पान्हे, फिलर गेज. नवं कंडेन्सर डब्यातून थेट पिशवीत टाकू नका. बाजारातले बरेच भाग खराब निघतात, म्हणून गाडीला लावून आठवडाभर चालवा, मग ते काढून सोबत ठेवा आणि जुनं परत लावा.

निघाल्यावर शंभर किलोमीटरला थांबून इंजिनाचे माऊंटिंग, सायलेन्सर, नंबरप्लेट आणि कॅरिअरचे नट बघा. ७० ते ८० च्या वेगात ही गाडी दिवसभर चालते. ९५ च्या वेगाने तासभर नेलीत तर पुढचा तास पान्हा हातात असेल.

१७. पंधरा वर्षं झाली. आरसी आणि पीयूसीचं काय?

खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर नूतनीकरण ५-५ वर्षांचं. फॉर्म २५ मध्ये अर्ज, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. तपासणीत अडकतं ते बहुधा हॉर्न, इंडिकेटर, आरसा, सायलेन्सर आणि न वाचता येणारा चासी नंबर. नंबरवर रंग मारलेला असेल तर आधी हलक्या हाताने काढा, घासून अक्षरं पुसू नका.

पीयूसी या गाड्यांना सहा महिन्यांची मिळते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साईड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. त्यानंतरच्या फोर-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम. मोनॉक्साईड जास्त आलं तर एअर स्क्रू थोडा उघडून पुन्हा तपासा. हायड्रोकार्बन जास्त आलं तर स्पार्क किंवा रिंग बघा, स्क्रूने ते उतरत नाही.

महाराष्ट्र किंवा कर्नाटक पासिंगची गाडी गोव्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर एनओसी आणून इथला नंबर घ्यावा लागतो. सेकंडहँड घेताना ही एनओसी व्यवहार होण्याआधी हातात घ्या.

१८. जहाजावर नोकरी आहे, गाडी सहा-आठ महिने उभी असते. काय करून जाऊ?

जाण्याआधी इंजिन ऑईल नवं घाला. जुन्या ऑईलमधलं आम्ल बेअरिंगला खातं, म्हणून हे काम परत आल्यावर नाही, आधी. टाकी आणि फ्लोट चेंबर पूर्ण रिकामे करा. महिन्याभराच्या आतच परत येणार असाल तर उलट करा, टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. पण आठ महिने ई-२० आत ठेवणं परवडत नाही (प्रश्न ८). रिकाम्या टाकीत थोडं ऑईल फिरवा.

प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑईल घाला, पाच-सहा किक मारा, प्लग लावा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर आणून ठेवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि दमट हवा आत जात नाही. सायलेन्सरच्या तोंडात ऑईलचं फडकं कोंबा आणि किल्लीला चिठ्ठी बांधा, नाहीतर घरचं कुणीतरी तशीच किक मारेल. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्याला एकदा चार्ज करायला सांगा. मेनस्टँडवर लावा. क्लच लिव्हर दोरीने दाबून बांधला तर प्लेट चिकटत नाहीत.

‘आठवड्याला एकदा पाच मिनिटं सुरू कर’ असं भावाला सांगून जाऊ नका. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, आत पाण्याची वाफ धरते आणि तीच गंज आणते. सुरू करायची तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवायची, नाहीतर हात लावायचा नाही.

परत आल्यावर फडकं काढा, नवं पेट्रोल घाला, प्लग काढून डिकॉम्प्रेशन दाबत वीसेक किक मारा, म्हणजे ऑईल वर चढतं. किक जॅम असेल तर तिच्यावर उभं राहू नका. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑईल सारखं मिसळून घाला, दोन दिवस थांबा, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. किंचित हललं की झालं, बाकीचं हळूहळू सुटतं. चार दिवसांनीही हललं नाही तर बॅरल काढायला द्या.